कुबडा महसीर

कुबडा महसीर : सिप्रिनिडी कुलातील गोड्या पाण्यातील एक मोठा मासा. शास्त्रीय नाव टॉर रेमादेवीआय. हा फक्त कावेरी नदीच्या खोऱ्यात आढळतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत केला. जातीची ओळख निश्चित न करता केलेली माशांची मोजणी कशी फसवी ठरते, हे या माशाच्या ऱ्हासावरून स्पष्ट होते.

वर्णन : शरीर लांबट, खवले मोठे आणि तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या असतात. डोक्यामागून पाठ चढत जाऊन पृष्ठपक्षाच्या पुढे वशिंडासारखा उंचवटा येतो. पक्षांवर नारिंगी छटा असते. कबिनी या कावेरीच्या उपनदीत १९४६ साली गळाने पकडलेल्या माशाचे वजन १२० पौंड (सु. ५४ किग्रॅ.) भरले होते.

जातिनिश्चिती : हेन्री सुलिव्हन टॉमस यांच्या १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे भारतातील महसीर शिकारी मत्स्य म्हणून सर्वत्र माहीत झाला. तथापि कावेरीतील कुबड्या जातीला दीर्घकाळ स्वतंत्र शास्त्रीय नाव नव्हते. पुष्कळदा ती टॉर मुसुल्ला समजली जाई. वस्तुतः ‘मुसुल्ला’ हे नाव कर्नल साइक्स यांनी दख्खनमधील एका माशाला दिलेले असून तो मासा हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतील आहे. पांबार या कावेरीच्या उपनदीतील लहान नमुन्यांवरून कुरूप व राधाकृष्णन यांनी २००७ मध्ये टॉर रेमादेवीआय जातीचे वर्णन केले. कुबडा महसीर तो हाच, हे शरीररचना व डीएनए यांच्या तुलनेवरून २०१८ मध्ये सिद्ध झाले.

बाहेरील जातीचा प्रवेश : दख्खनी महसीर (टॉर खुद्री) याचे वर्णन साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून केले. महाराष्ट्रात त्यास खडशी म्हणतात. धरणांमुळे त्याची संख्या घटू लागल्यावर लोणावळा येथे १९७० च्या दशकात त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. महसीर-संवर्धनातील हा महत्त्वाचा टप्पा होता. त्या केंद्रातील बोटुकली देशाच्या इतर भागांतील नद्यांतही सोडण्यात आल्या. त्यांत कावेरीचाही समावेश होता. ‘महसीर’ या एका नावाखाली अनेक जाती येतात आणि प्रत्येक जातीचे नदीखोरे ठरलेले असते, हा भेद त्या वेळी पुरेसा लक्षात घेतला गेला नाही. निळसर पक्षांचा हा मासा कावेरीत झपाट्याने वाढला.

गळाच्या नोंदींवरून गणना : कावेरी वन्यजीव अभयारण्याच्या परिसरात मासा गळाने पकडून, त्याचे वजन करून परत नदीत सोडण्याची पद्धत होती. १९९८–२०१२ या काळातील नोंदींत २३,६२० तासांच्या मासेमारीत ६,१६१ महसीर मिळाल्याचे दिसते. त्यांत सर्वांत मोठा ४६.८ किग्रॅ. होता. दर तासामागे मिळणाऱ्या माशांची संख्या या काळात वाढत गेली. सर्व महसीर एकत्र मोजले, तर नदी समृद्ध होत आहे, असाच निष्कर्ष निघाला असता. परंतु दोन्ही प्रकारांच्या नोंदी वेगळ्या केल्यावर ही वाढ निळ्या पक्षांच्या महसीराची असल्याचे आढळले. कुबड्या महसीराची संख्या घटत होती आणि मिळणारे थोडे मासे अधिकाधिक मोठे होते. मोठे मासे हे सुस्थितीचे लक्षण वाटले, तरी लहान मासे न मिळणे म्हणजे नवी पिढी तयार न होणे होय. म्हणून संख्येबरोबर जात आणि आकारमान यांचीही नोंद अनिवार्य ठरते.

पाहणीच्या पद्धती : दुर्मिळ माशांच्या पाहणीत जाळ्याने अथवा गळाने पकडलेल्या माशांची लांबी व वजन घेऊन, छायाचित्र काढून त्यांना सोडून देतात. पक्षाचा लहानसा तुकडा डीएनए परीक्षणास पुरतो. खूण करून सोडलेले मासे पुन्हा किती मिळतात, यावरून एकूण संख्येचा अंदाज करता येतो. रेडिओ प्रेषक बसवून स्थलांतराचा मागोवा घेतात. माशांपासून पाण्यात मिसळलेला डीएनए गाळून तपासल्यास मासा न पकडताही त्याच्या अस्तित्वाचा पुरावा मिळू शकतो. मात्र त्यावरून माशाचे वय किंवा आकारमान कळत नाही.

अधिवास : महसीरांना खोल डोह, खळाळते व प्राणवायुयुक्त पाणी आणि अंडी घालण्यासाठी गोट्यांचा स्वच्छ तळ लागतो. धरणे स्थलांतराचे मार्ग अडवितात व प्रवाहाचे ऋतुमान बदलतात. वाळूउपशाने तळ नष्ट होतो, तर सुरुंग व विष यांच्या साहाय्याने केलेल्या मासेमारीत लहानमोठे सर्व मासे मरतात. म्हणून पाण्याची पातळी, वेग, तापमान, विद्रुत प्राणवायू आणि तळाचे स्वरूप यांची नोंद वर्षातील सर्व ऋतूंत त्याच ठिकाणी घेणे आवश्यक असते.

कुबड्या महसीराचे थोडे समूह मोयार, पांबार इ. प्रवाहांत उरले आहेत. त्यांचे संरक्षण करताना इतर खोऱ्यांतील महसीर तेथे न सोडणे, ही पहिली दक्षता होय. बीजोत्पादन करावयाचे झाल्यास जनक मासे त्याच जातीचे असल्याची डीएनएद्वारा खात्री करून घेणे इष्ट ठरते.