‘डेस्परेटली’ म्हणजे निराशेनेच काय?

इंग्रजी उताऱ्यात ‘डेस्परेटली’ हे क्रियाविशेषण आले की आपण विद्यार्थी ‘निराशेने’ असे भाषांतर करून मोकळे होतो. शब्दाचे मूळ पाहिले तर यात काही वावगे दिसत नाही. लॅटिनमध्ये ‘स्पेरारे’ म्हणजे आशा करणे. ‘डे’ हा उपसर्ग ती आशा हिरावून घेतो. ‘डिस्पेअरिंगली’ हा शब्दही याच मुळाचा. परंतु वापरात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत.

आपल्याकडील धानाच्या शेतीचेच उदाहरण घेऊ. ऐन रोवणीच्या वेळी पाऊस दडी मारतो, पऱ्हे करपू लागतात आणि शेतकरी धुऱ्यावर बसून आभाळाकडे पाहत राहतो. हे पाहणे ‘डिस्पेअरिंगली’. येथे ‘हताशपणे’ हा शब्द नेमका बसतो. कारण ज्याची आशा हत झाली तो हताश. पण तोच शेतकरी उठून बोडीतले उरलेसुरले पाणी रात्रभर बांधीत नेतो, तेव्हा ते ‘डेस्परेटली’. आशा संपत आली आहे, धडपड मात्र संपलेली नाही. मराठीत याला ‘जिवाच्या आकांताने’ म्हणतात.

कधी हा शब्द नुसती तीव्रता दाखवितो. ‘डेस्परेटली पुअर’ म्हणजे निराश गरीब नव्हे, तर कमालीचा गरीब.

तेव्हा मित्रहो, शब्दाबरोबर क्रियाही पाहावी. रात्रभर राबणाऱ्याला निराश ठरविणारे भाषांतर गुण तर घालवतेच, शिवाय त्या माणसावर अन्यायही करते.