इंजिनाचा श्वास आणि त्याची सहनशक्ती

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात मोटारीच्या इंजिनातील एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ठेवलेला आहे. त्याच्या माथ्यास रुपयाएवढे भोक पडले असून भोवतालची धातू मेणासारखी ओघळलेली दिसते. विद्यार्थी तो हाती घेतात आणि हे कशाने झाले, असे विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आम्ही येथे यथामति प्रयत्न करीत आहो.

दट्ट्याची हकीकत अशी. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील सावंगीच्या रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांची व त्यांच्या आप्तांची नागपुरास ने-आण करून प्रपंच चालवीत. मोटार लहान, पेट्रोलवर चालणारी, टर्बो असलेली आणि कर्ज काढून घेतलेली. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग खुला झाला, आणि आपल्या जिल्ह्यातून जाणारा तो सरळ, रुंद रस्ता पाहून पुत्रास वेगाचा मोह पडला. एका कारागिराकडून त्याने टर्बोचा दाब वाढवून घेतला. पंधरा दिवस मोटार वाऱ्यासारखी धावली. पुढे मे महिन्यातील एका दुपारी इंजिनातून हातोडीचे घाव बसावे तसा आवाज येऊ लागला, मागे निळा धूर दिसू लागला, आणि मोटार जागीच थांबली. दोन महिने त्या घरची मिळकत बंद होती. “सर, शक्ती तर वाढली होती, मग चुकले कोठे?” असे विचारीत तो हा दट्ट्या घेऊन आमच्याकडे आला.

चूक समजण्यास इंजिनाचा श्वास समजला पाहिजे. १ किलो पेट्रोल पूर्णपणे जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवे तितके ओतता येईल. परंतु त्याच्या प्रमाणात हवा मिळाली नाही, तर ते जळावयाचे कसे? सामान्य इंजिन दट्ट्या खाली जाताना जेवढी हवा ओढून घेईल तेवढ्यावरच चालते. टर्बोची युक्ती याहून निराळी. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक लहान पातेचक्र फिरते; त्याच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकास बसविलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. वाया जाणाऱ्या शक्तीस कामास लावण्याच्या या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले.

तिचा प्रताप आपल्या महाराष्ट्रातच पाहावा. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचे असून त्याची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती होती. २०२१ साली पुण्याजवळील चाकण येथून स्कोडा कुशाक ही मोटार बाहेर पडली. तिचे ९९९ घनसेंटिमीटरांचे टर्बो इंजिन सुमारे ११५ अश्वशक्ती देते. इंजिन लहान, आणि शक्ती जवळजवळ तिप्पट! या वाढीत इतर सुधारणांचाही वाटा आहे. तथापि मोठा वाटा टर्बोचाच होय.

मग आणखी दाब वाढविल्यास आणखी शक्ती का मिळू नये? मिळते, परंतु तिच्याबरोबर उष्णताही येते. सायकलीच्या पंपाने हवा भरताना पंप तापतो, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. आपल्याकडील मे महिन्यातील ४५ अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबाची केली, म्हणजे ती सुमारे १४५ अंशांपर्यंत तापते. अशी हवा विरळ असते, आणि त्याहून वाईट म्हणजे ती अकाली स्फोटास आमंत्रण देते. ठिणगी पडल्यावर ज्योत क्रमाक्रमाने पसरावी, हा नियम. पण मिश्रण आधीच फार तापलेले असेल, तर ज्योत पोचण्यापूर्वीच त्याचा उरलेला भाग एकदम पेट घेतो. यालाच कारागीर ‘नॉकिंग’ म्हणतात. हातोडीसारखा आवाज येतो तो याचाच.

शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंशांस वितळते, आणि आतील ज्वाळेचे तापमान २००० अंशांहून अधिक असते. तरीही दट्ट्या वाचतो, कारण त्याच्या माथ्यास चिकटलेला वायूचा पातळ थर ढालीसारखे काम करतो, व उरलेली उष्णता कड्यांतून आणि तेलातून निघून जाते. नॉकिंगच्या धक्क्यांनी ही ढालच फाटते. आमच्या कपाटातील भोक पडले ते असे.

यावर उपाय आहेत. दाबलेली हवा इंटरकूलरमधून नेऊन ७० अंशांपर्यंत थंड केली, तर तीच हवा सुमारे २० टक्के अधिक दाट होते व धोकाही घटतो. अधिक ऑक्टेनचे पेट्रोल वापरणे, पूर्ण भाराच्या वेळी पेट्रोलचे प्रमाण किंचित वाढविणे, ठिणगी थोडी उशिरा पाडणे, हेही उपाय होत. दाब मर्यादेबाहेर जाऊ लागताच वायूंस दुसरी वाट करून देणारी वेस्टगेट नावाची झडप असते. तिचे म्हणणे झुगारून देणे हेच आमच्या विद्यार्थ्याच्या हातून घडले होते.

या बाबतीत इतिहासाची साक्षही उद्बोधक आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाईल जेटफायर ही टर्बो मोटार निघाली. तिच्यातील नॉकिंग रोखण्यास पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडावे लागे. पुष्कळ मालक ती टाकी भरण्यास विसरत. पुढच्याच वर्षी ती मोटार बंद झाली. उलट स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ साली आपली टर्बो मोटार पुढे आणली, तेव्हा दाबास वेस्टगेटने आवर घालून २ लिटरच्या इंजिनातून १४५ अश्वशक्तीवर संतोष मानला. तिने टर्बोची मोटार रोजच्या वापरातही चालते, हे लोकांस पटवून दिले. मालकाच्या आठवणीवर विसंबणारी शक्ती टिकली नाही. मर्यादा ओळखणारी टिकली.

म्हणून ज्यास असे इंजिन बांधावयाचे असेल, त्याने पायापासून आरंभ करावा. प्रथम प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून मूळ इंजिन निरोगी आहे, याची खात्री करावी. ओतीव दट्ट्यांच्या जागी घडीव दट्ट्ये व घडीव कनेक्टिंग रॉड घालावेत. हेडचे बोल्ट व गॅस्केट मजबूत असावेत. मग पेट्रोलचा पंप व इंजेक्टर, त्यानंतर इंटरकूलर, रेडिएटर व तेल यांची व्यवस्था लावावी. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. यास्तव तेल उत्तम असावे व वेळेवर बदलावे, आणि लांब दौडीनंतर इंजिन मिनिटभर हळू चालू ठेवून मग बंद करावे. हे सर्व झाल्यावर चाचणीच्या यंत्रावर मोजमाप घेत घेत दाब थोडथोडा वाढवावा. दाब हे शेवटचे पाऊल होय, पहिले नव्हे.

ब्रेक व टायर यांचाही विचार आलाच. वेग ८० वरून १२० झाला, तर थांबविण्याची शक्ती दीडपट नव्हे, सव्वादोनपट लागते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मालकास मोटारीत मन मानेल तसा फेरफार करू देत नाही. रस्ता आपल्या एकट्याचा नसून त्यावर दुसऱ्यांची मुलेबाळेही असतात, हे त्याचे कारण उघड आहे. अशा इंजिनाची जागा शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर; आणि रस्त्यावर ज्यास अधिक शक्ती हवी, त्याने ती मुळातच त्या शक्तीसाठी बांधलेल्या व तपासलेल्या मोटारीत शोधावी.

आमचा तो विद्यार्थी आता वडिलांची मोटार मूळच्या दाबावर चालवितो व यंत्रशास्त्राचे शिक्षणही घेतो. आपल्यासारख्या दुसऱ्यांनी तो पाहावा, म्हणून दट्ट्या त्यानेच आम्हापाशी ठेविला आहे. ज्या इंजिनास अधिक श्वास द्यावयाचा, त्याचे हाड आधी बळकट करावे, एवढेच त्या दट्ट्याचे सांगणे आहे. विद्यार्थिमित्रहो, पुन्हा प्रयोगशाळेत याल तेव्हा तो अवश्य हाती घेऊन पाहा.