लहान वयात अमली पदार्थांची केस झाली होती. आता पोलीस भरतीचा अर्ज भरता येईल का?

थोडक्यात उत्तर: होय, अर्ज भरता येतो. निवड होईल की नाही, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. घटनेच्या दिवशी तुमचे वय किती होते, केसचा निकाल काय लागला आणि अर्जात तुम्ही काय लिहिले. पहिल्या दोन गोष्टी घडून गेल्या आहेत. तिसरी अजून तुमच्या हातात आहे.

ही माहिती कोणासाठी आहे?

पीण्या औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर या भागांतून आलेली बरीच मुले काम करतात. काही जण शिफ्ट सांभाळून भरतीची तयारीही करतात. समजा, त्यांपैकी एखादा चार-पाच वर्षांपूर्वी खोलीवरच्या मित्रांबरोबर गांजा ओढताना पकडला गेला. न्यायालयात दंड भरला आणि विषय संपला असे त्याने मानले. आता भरतीच्या अर्जात प्रश्न आला आहे: "तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का?" तुमची परिस्थिती अशी असेल तर पुढील माहिती नीट वाचा.

दंड भरला म्हणजे केस मिटली का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. अमली पदार्थांचे सेवन हा एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम २७ खाली गुन्हा आहे. गांजासाठी या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. जवळ गांजा सापडला असेल तर कलम २० लागते. १ किलोपर्यंतचा गांजा "अल्प प्रमाण" धरला जातो. त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला असेल तर कायद्याच्या भाषेत तुमचा गुन्हा सिद्ध झाला आहे. तुरुंगात एक दिवसही गेला नसेल, तरी "शिक्षा झाली आहे का?" या प्रश्नाचे उत्तर "होय" असेच आहे.

केस अजून चालू असेल तर केवळ लवकर सुटका व्हावी म्हणून गुन्हा कबूल करू नका. आधी वकिलाशी बोला. व्यसन असलेल्या व्यक्तीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून उपचार घेतले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम ६४ अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते.

तेव्हा तुमचे वय १८ पेक्षा कमी होते का?

घटनेच्या दिवशी १८ वर्षे पूर्ण नव्हती, तर तुम्हाला बाल न्याय कायदा, २०१५ लागू होतो. वय घटनेच्या तारखेचे धरतात, निकालाच्या तारखेचे नाही. या कायद्यात तुमच्यासाठी तीन महत्त्वाच्या तरतुदी आहेत.

- कलम २४: बाल न्याय मंडळासमोर निकाली निघालेल्या प्रकरणामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही. (१६ वर्षांवरील मुलाने केलेल्या अतिगंभीर गुन्ह्याला अपवाद आहे. सेवन किंवा अल्प प्रमाण त्यात मोडत नाही.)
- कलम ७४: प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी ती नोंद उघड करायची नाही.
- कलम ९: तुम्ही १७ वर्षांचे असताना चुकून मोठ्यांच्या न्यायालयात केस चालली असेल, तर वयाचा मुद्दा निकालानंतरही मांडता येतो. त्यासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र लागते.

२०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात निवड झालेल्या एका उमेदवाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. आरोप झाले तेव्हा तो अल्पवयीन होता, पुढे निर्दोष सुटला होता आणि ही माहिती त्याने स्वतःच दिली होती. त्या जुन्या प्रकरणावरून त्याला नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल लागला.

वय १८ किंवा जास्त होते. मग?

खरी माहिती द्या. भरतीनंतर पूर्वचारित्र्य पडताळणी होते. तुम्ही गावाकडचा आणि पीण्याचा असे दोन्ही पत्ते दिले असतील, तर दोन्हीकडे चौकशी होऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात यासाठी सूत्रे घालून दिली. त्यांचा सारांश असा:

- अर्जातील माहिती खरी असली पाहिजे.
- किरकोळ गुन्हा लपवला असेल तर अधिकारी तो माफ करू शकतात. पण माफ केलाच पाहिजे असे बंधन नाही.
- खरे सांगितले तरी नेमणूक मिळेलच अशी हमी नाही. गुन्ह्याचे स्वरूप पाहून अधिकारी निर्णय घेतात.
- किरकोळ केस चालू असल्याचे खरे सांगितले असेल, तर केसच्या निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते.
- अर्जात जेवढे स्पष्ट विचारले आहे, तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक आहे.

२०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराने केस लपवूनही न्यायालयाने त्याच्या तरुण वयाचा विचार केला होता. पण त्या निकालाच्या भरवशावर काही लपवू नका. पोलीस दलात सचोटीला मोठे महत्त्व आहे. जुना गांजाचा दंड ही कोवळ्या वयातली चूक म्हणून समजावता येते. आज अर्जात लिहिलेले खोटे मात्र आजचेच असते.

अर्जातील शब्द नीट वाचा

कर्नाटकातील अर्ज कन्नडमध्ये असेल आणि वाचताना अडचण येत असेल, तर कन्नड जाणणाऱ्याकडून प्रत्येक प्रश्न समजून घ्या. अंदाजाने खूण करू नका. हे चार प्रश्न वेगवेगळे आहेत:

- अटक झाली होती का? (पुढे निर्दोष सुटला असाल तरी उत्तर "होय")
- गुन्हा दाखल झाला होता का? (अटक झाली नसली तरी उत्तर "होय" असू शकते)
- खटला प्रलंबित आहे का?
- शिक्षा झाली आहे का? (फक्त दंड झाला असेल तरी "होय")

अर्ज भरण्याआधी काय करावे?

१. ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपल्या केसची स्थिती पाहा.
२. न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत घ्या. "मिटले असेल" असे कोणी सांगितले, तर त्यावर विसंबू नका.
३. उपचार घेतले असतील तर त्या केंद्राचे पत्र जपून ठेवा.
४. अर्जात गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, कलम आणि निकालाची तारीख लिहा. त्यासोबत प्रत जोडा.
५. बालवयातील प्रकरण असेल, तर अर्जातील प्रश्नाला काय उत्तर द्यायचे हे आधी वकिलाला विचारा.

वकिलाचा खर्च कसा करायचा?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदत मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, महिला, १८ वर्षांखालील मुले आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांनाही ही मदत मिळते. कारखान्याचे ओळखपत्र आणि आधार कार्ड सोबत घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

व्यसन अजून सुटले नसेल, तर आधी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोला. बेंगळुरूत निम्हान्स रुग्णालयातही व्यसनमुक्तीचे उपचार होतात. भरतीचा अर्ज त्यानंतर भरला तरी चालेल.

लक्षात ठेवा: ही सर्वसाधारण माहिती आहे. वयोमर्यादा, पात्रता आणि अर्जातील प्रश्न प्रत्येक भरतीच्या जाहिरातीनुसार बदलतात. त्या वर्षीची जाहिरात पूर्ण वाचूनच अर्ज भरा.