आहारशास्त्र-परिचय, लेखांक ५ : जीवनसत्त्वांचे दोन वर्ग

गेल्या लेखांकात ज्या पिष्टमय, प्रथिनयुक्त आणि स्निग्ध पदार्थांचा आपण विचार केला, त्यांवर शरीराची उष्णता आणि बांधणी अवलंबून असली, तरी तेवढ्यावरच प्राणी निरोगी राहू शकत नाही. सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांच्या पायांतले बळ जाते आणि कोंड्यासकट असडीक तांदूळ मिळताच त्या पुन्हा उभ्या राहतात, हे जावा बेटावरील बटाविया येथे डच वैद्य क्रिस्तियान आइकमान यांनी १८९० नंतरच्या दशकात पाहिले. कोंड्यातील ते द्रव्य म्हणजे आजचे 'ब१'.

आज मान्य असलेल्या तेरा जीवनसत्त्वांचे वर्गीकरण ती कशात विरघळतात यावरून करतात. 'अ', 'ड', 'ई' आणि 'के' ही चार स्निग्धविद्राव्य. 'ब' गटातील आठ आणि 'क' ही जलविद्राव्य. पहिल्या वर्गातील 'अ' आणि 'ड' यांचा साठा यकृतात व मेदात दीर्घकाळ शिल्लक राहत असल्यामुळे त्यांचा अतिरेक विषारी ठरू शकतो; दुसऱ्या वर्गाचा जादा अंश बहुतांशी मूत्रावाटे निघून जातो, म्हणून त्याची तरतूद वरचेवर करावी लागते. 'ब१२' मात्र या नियमास अपवाद असून, त्याचा यकृतातील साठा कित्येक वर्षे पुरतो.

जीवनसत्त्वे स्वतः इंधन नव्हेत. 'ब' गटातील बहुतेक द्रव्ये विकरांना साहाय्य करणारी सहविकरे बनतात आणि त्यांच्यावाचून अन्नातील ऊर्जा पेशींच्या हाती लागत नाही. 'क' हे त्वचा, हिरड्या आणि रक्तवाहिन्या यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या घडणीस लागते. 'अ' पासून मंद प्रकाशात पाहण्यास आवश्यक असे नेत्रद्रव्य बनते. 'ड' आतड्यातून कॅल्शियमचे शोषण घडवते. आणि 'के' च्या अभावी रक्त गोठण्याची क्रिया खोळंबते.

या शास्त्राचे एक महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले. १९२८ साली तेथे आलेल्या डॉ. लुसी विल्स यांनी कापड गिरण्यांतील गरीब गर्भवती कामगार स्त्रियांच्या एका घातक रक्तक्षयाचा शोध आरंभिला. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर मोठ्या आणि संख्येने थोड्या असत. रोगाचे कारण जंतूंत नसून आहारात असावे, या दिशेने तपास चालविल्यावर विल्स यांनी रुग्णांस यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रजी घरांत पावाला लावतात ते मार्माइट, देऊन पाहिला. आणि त्या स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली हा शोध प्रसिद्ध झाला. अर्कातील ते गुणकारी द्रव्य फोलेट होय, हे पुढील दशकात निश्चित झाले, आणि अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली फोलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार झाले.

हेच फोलेट पालेभाज्यांत विपुल असते, परंतु ते पाण्यात उतरते आणि उष्णतेने नासते. म्हणून भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी आणि ते पाणी आमटीत घालावे; भात वेळल्यास पेज ओतून देऊ नये. गाजरासारख्या भाज्यांना थोडी तेलाची फोडणी असावी, कारण त्यांतील 'अ' चे पूर्वद्रव्य स्निग्धाच्या संगतीनेच नीट शोषले जाते. 'अ' आणि 'ड' यांच्या गोळ्या मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून, विशेषतः गर्भवती स्त्रियांनी, कदापि घेऊ नयेत.