टिफ्रॅकनंतरचे नरसिंहन

भारतीय संगणकाच्या इतिहासात रंगस्वामी नरसिंहन यांची ओळख बहुधा एकाच यंत्रापुरती राहते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक संगणक तयार झाला आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले, एवढे सांगून पुढचे सोडून दिले जाते. माझ्या मते त्यांच्या कामाचे माप त्यानंतरच्या वीसेक वर्षांत आहे. यंत्र बांधण्यातून जे जाणकार तयार झाले, त्यांच्या ज्ञानाला त्यांनी संस्थांचे घर मिळवून दिले.

चेन्नईच्या गिंडी महाविद्यालयात दूरसंचार अभियांत्रिकी, कॅलटेकमध्ये पदव्युत्तर शिक्षण आणि इंडियाना विद्यापीठात गणितातील पीएच.डी. करून ते 1954 मध्ये होमी भाभांच्या याच संस्थेत आले. 1955 मध्ये लहान प्रायोगिक यंत्राचे काम सुरू झाले, 1957 मध्ये मोठे यंत्र हाती घेतले आणि फेब्रुवारी 1959 पर्यंत त्याची जोडणी संपली. सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूब, 1,700 डायोड, 12,500 रोधक आणि फेराइट कोअरची स्मृती, तीत 40 बिटांचे 2,048 शब्द मावत. हे सारे करणारे तरुण अभियंते मोजकेच होते आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याआधी संगणक हाताळलेलाही नव्हता. तार्किक रचना, जोडण्या, चाचण्या, आज्ञावली यांपैकी काहीही बाहेरून आयते मिळणार नव्हते, म्हणून प्रत्येकाला यंत्र मुळापासून समजून घ्यावे लागले.

यावरचा नेहमीचा आक्षेप वजनदार आहे. 1959 मध्येच आयबीएमने ट्रान्झिस्टरवर चालणारा 1401 जाहीर केला. म्हणजे टिफ्रॅक पुरा होतानाच त्याचे तंत्र मागे पडत होते, आणि साठीच्या दशकाच्या मध्यास तो बंदही झाला. मग गरीब देशाने त्यावर पैसा आणि उमेदीची वर्षे का घालवली? पण 1964 मध्ये संस्थेत सीडीसी 3600 हा अमेरिकी संगणक आला, तेव्हा तो बसवून देशभरातील संशोधकांसाठी चालवण्याची तयारी तिथे होती. तोवर टिफ्रॅकवर वर्षानुवर्षे बाहेरच्या वैज्ञानिकांचीही गणिते सोडवली गेली होती. विकत घेतलेल्या यंत्रापासून अशी तयारी झाली असती का, याची मला शंका आहे. विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातून यंत्राचे गुण कळतात, त्याच्या मर्यादा ओळखायला ते आतून माहीत असावे लागते.

मधल्या काळात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चित्राकृती ओळखण्याच्या संशोधनात रमलेले नरसिंहन 1964 मध्ये परतले आणि संगणकतज्ज्ञांना एकत्र आणू लागले. 1965 मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. सत्तरीच्या दशकात, सॉफ्टवेअरला स्वतंत्र विषय म्हणून फारसा मान नसताना, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने संस्थेतच सॉफ्टवेअर विकास आणि संगणन तंत्रांचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. पुढे त्याचेच राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) झाले आणि ते जुहूला गेले. सॉफ्टवेअरचे पदव्युत्तर शिक्षण आणि देशातील पहिल्या शैक्षणिक संगणकजाळ्याचे, अर्नेटचे काम या दोन्हींत त्याचा ठसा आहे. 1975 साली संगणकांच्या देखभालीसाठी सीएमसी ही सरकारी कंपनी निघाली, तिच्या उभारणीतही नरसिंहन होते. 1978 मध्ये परकीय भांडवलाच्या अटी न पटल्याने आयबीएमने देश सोडला, तेव्हा तिच्या यंत्रांची जबाबदारी याच कंपनीने उचलली. आठ-दहा वर्षांत दिल्लीच्या रेल्वे आरक्षणाचा संगणकही तिनेच चालू केला. देखभालीच्या कामातून हे घडले, याला मी विशेष महत्त्व देतो.

दुसरा आक्षेप मात्र मला अंशतः मान्य आहे. हे सारे सरकारी छत्राखाली, मुंबई-दिल्लीत आणि निवडक संस्थांत घडले. विद्यापीठे मागे राहिली. देशात संगणकांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादनही उभे राहिले नाही. परदेशी बाजारात सॉफ्टवेअर विकणाऱ्या उद्योगाचे श्रेयही एकट्या नरसिंहनांना देता येणार नाही. त्यात टाटा कन्सल्टन्सी उभारणाऱ्या फकीरचंद कोहलींसारख्यांचा मार्ग वेगळा होता. पण त्या उद्योगाला शिकलेली माणसे आयती सापडली असे मानणे जास्त चुकीचे ठरेल. ज्या वर्षी आयबीएम गेली, त्या वर्षी सीएमसीकडे परक्या यंत्रांच्या आत हात घालणारे अभियंते होते आणि टाटा संस्थेतील केंद्रात सॉफ्टवेअरचे शिक्षण चालू होते.