देवाचे चित्र आणि बालप्रेक्षक

देवादिकांच्या कथा मुलांच्या कानी प्रथम कोणी घालावयाच्या, हा प्रश्न आपल्या आधीच्या पिढीला पडण्याचे कारण नव्हते. घरी आजी होती, देवळात पुराणिकबुवा होते आणि शाळेत एखादे गोष्टीवेल्हाळ गुरुजी होते. आज पुष्कळशा घरांतून हे काम पडद्याकडे गेले आहे. बालवर्गात येणाऱ्या मुलाची राम, मारुती अथवा गणपती ह्यांच्याशी पहिली ओळख बहुधा, ज्यांस आपण सरसकट ‘कार्टून’ म्हणतो त्या ॲनिमेशनपटांतून झालेली असते. ह्याबद्दल नुसते हळहळून भागणार नाही. ‘राम सावळा होता’ एवढे आजीने सांगितले की पुढचा राम मूल आपल्यापुरता घडवीत असे. पडद्यावरचा राम मात्र डोळे, चाल, आवाज ह्यांसह घडूनच येतो, आणि चार-पाच वर्षांच्या वयात मनात शिरलेले रूप सहसा पुसले जात नाही. असे चित्रपट करणारांनी ही जबाबदारी कशी पेलली, हे निदान आपण शिक्षकांनी तरी समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे कथाचित्रपटाची सुरुवातच देवाच्या दर्शनाने झाली. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला आणि त्यांस पडद्यावर आपले राम-कृष्ण दिसू लागले, ही हकीगत वाचकांस ठाऊक आहेच. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त त्यांनी बाळकृष्णाचे काम आपली कन्या मंदाकिनी हिला दिले. (आगकाड्या पडद्यावर नाचविण्याचा प्रयोगही त्यांनी १९१५ मध्ये केला होता, म्हणजे ॲनिमेशनचे बीदेखील त्यांच्याच हातचे.) पण नट देव झाला म्हणजे प्रेक्षकाच्या मनात एका रूपाआड दोघे उभे राहतात, एक देव आणि दुसरा तो नट. रेखाटलेल्या देवामागे असा कोणी नट नसतो. हे ॲनिमेशनचे बळ आहे, आणि धोकाही तेथेच आहे.

ते बळ नेमके हेरले ते युगो साको ह्या जपानी दिग्दर्शकाने. रामायणाशी निगडित उत्खननावर माहितीपट करण्यासाठी ते १९८३ मध्ये भारतात आले आणि ह्या कथेने पुरते भारून गेले. राम हा देव आहे, तेव्हा नटाकरवी दाखविण्यापेक्षा तो चित्राने दाखविणेच युक्त, असे त्यांचे मत होते. त्याचे फळ म्हणजे १९९२ साली पुरा झालेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’. त्यात साकोंसमवेत कोइची सासाकी आणि आपले राम मोहन हे दिग्दर्शक होते. परक्याने राम रंगवावा, तोही कार्टूनमध्ये, ह्याला आपल्याकडे आक्षेप निघाला. सरकारी सहकार्य लाभले नाही, आणि चित्रणाचे बहुतेक काम जपानात झाले. धोतर कसे नेसतात, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद मुले कशी घेतात, ह्यांसारख्या गोष्टी भारतीय चित्रकारांनी जपानी सहकाऱ्यांस समजावून दिल्या. मला ही बाब फार मोलाची वाटते. मूल देवाचे देवपण मुकुटावरून ओळखीत नाही. गुरूपुढे राम कसा वाकतो, बाण लावण्यापूर्वी तो किती थांबतो, ह्यावरून ते ओळखते. सव्वादोन तासांच्या ह्या पटात राम कोठेही मुलांची लाडीगोडी करीत नाही. विश्वामित्र त्याला मागावयास येतात तेथे कथा उघडते. उत्तरकाण्डात निर्माते शिरलेच नाहीत. चेहऱ्यांवर जपानी धाटणीची छाया आहे खरी, परंतु राजा रविवर्म्याने देवांना दिलेले चेहरे आपण जसे पचविले, तसा हाही पचेल.

ह्याच्या नेमकी उलट वाट १९९८ च्या ‘द प्रिन्स ऑफ ईजिप्त’ ह्या अमेरिकी चित्रपटाने धरली. विषय मोशेचा, आणि ज्यूंच्या धर्मात ईश्वराचे रूप काढावयाचे नाही. जळणाऱ्या परंतु भस्म न होणाऱ्या झुडपातून ईश्वर बोलतो, त्या प्रसंगी मोशेचा आवाज ज्या नटाचा, त्याच व्हॅल किल्मरचा आवाज ईश्वरासाठी वापरला आहे. बाहेरून गडगडत येणारी वाणी न योजता मोशेला जणू स्वतःच्याच कंठातून हाक यावी, ही योजना लहान मुलाला समजावून सांगता येणार नाही, पण ती त्याला जाणवते. निर्मात्यांनी निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांचा सल्ला घेतला होता. तरीही १९९९ मध्ये मलेशियात त्यावर बंदी आली. कारण प्रेषिताचे चित्रणच जेथे वर्ज्य, तेथे सल्लामसलतीचा काय उपयोग?

तिसरी वाट मात्र आपल्या ओळखीची आहे. फिल विशर व माइक नव्रॉकी ह्या दोघा अमेरिकी तरुणांनी १९९३ मध्ये ‘व्हेजीटेल्स’ ही मालिका काढली. तीत बॉब नावाचा टोमॅटो आणि लॅरी नावाची काकडी बायबलातील कथा करून दाखवितात. त्या काळच्या संगणकावर हातपाय, केस, कपडे काढणे जिकिरीचे होते, म्हणून भाज्या; आधी चॉकलेटची वडी नायक होणार होती, पण मुले गोडाच्या नादी लागतील म्हणून विशर ह्यांच्या पत्नीने ती नाकारली. हा प्रकार थट्टेचा दिसतो खरा. तथापि एक नियम त्यांनी कटाक्षाने पाळला : येशूचे सोंग कोणत्याही भाजीने घ्यावयाचे नाही. ज्यांनी लळीत किंवा कोकण-गोव्यातील दशावतार पाहिला आहे, त्यांस ह्यातले मर्म लगेच उमगेल. सोंग हे सोंग आहे हे सर्वांस ठाऊक असते, म्हणून हसताही येते. आणि कोठे हसावयाचे नाही, हेही ठरलेले असते.

परंतु पुढे विशर ह्यांनीच जे सांगितले त्याकडे मी शिक्षकबंधूंचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. त्यांची संस्था २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यानंतर, २०११ सालच्या एका मुलाखतीत, आपण दहा वर्षे मुलांना ख्रिस्ती माणसाप्रमाणे वागावयास सांगत राहिलो, ख्रिस्ती धर्म शिकविलाच नाही, असे त्यांनी मोकळेपणाने म्हटले. क्षमा करा, खोटे बोलू नका, वाटून खा, हे सारे चांगलेच. पण त्यासाठी बायबल कशाला हवे, इसापाचा कोल्हाही पुरे. आपल्या पाठ्यपुस्तकांत गोष्टीखाली ‘तात्पर्य’ छापण्याची जी खोड आहे, ती हीच. मारुती समुद्र ओलांडतो ह्याचे तात्पर्य ‘आत्मविश्वास बाळगावा’ असे एकदा फळ्यावर लिहिले, की मारुती आणि उंच उडीचा स्पर्धक ह्यांत फरक उरत नाही. आपल्याकडे २००५ मध्ये व्ही. जी. सामंत ह्यांचा ‘हनुमान’ यशस्वी झाला, तो पुराणकथेला धरून होता. २००७ च्या ‘रिटर्न ऑफ हनुमान’मध्ये तोच मारुती शाळकरी मुलाचा जन्म घेऊन येतो. मुले त्याला हसली, रमली. पण वर्गमित्र झालेल्या देवापुढे हात जोडावेत असे मुलास का वाटावे, हा प्रश्न मागे राहतोच.

जाता जाता भाषेविषयी. साकोंच्या रामायणातील संस्कृत गीते वसंत देव ह्यांची आहेत, मराठी नाटके हिंदीत नेणारे तेच हे देव. संगीत वनराज भाटिया ह्यांचे. त्यानंतर कार्टून नेटवर्कवर मुलांच्या एका पिढीने हा पट वारंवार पाहिला, आणि २४ जानेवारी २०२५ रोजी तो भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तो हिंदी, तमिळ, तेलुगू व इंग्रजी ह्या भाषांत. त्या यादीत मराठी नव्हती. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतल्या मुलांस राम पडद्यावर भेटतो तो हिंदीत अथवा तेलुगूत. मराठीत भेटावयाचा तर अजून तरी आजीकडेच जावे लागते, आणि तीही आता पुष्कळदा दुसऱ्या गावी असते. चित्रपटास मराठी आवाज देणे आपल्या संस्थांच्या आवाक्यातले नसेल. पण तो दाखविल्यावर आवाज बंद करून त्यातला एखादा प्रसंग वर्गातल्या मुलांकडूनच मराठीत सांगून घेणे, हे कोणत्याही शाळेला पुढच्या शनिवारीसुद्धा करता येईल.