हमी कोणास? जी. आय. पी. रेल्वे व भीमथडीचा शेतकरी

दौंडावरून आज मध्य रेल्वेच्या गाड्या धावतात. परंतु हा लोहमार्ग ज्या मंडळीने घातला, ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी आता इतिहासजमा झाली आहे. तिच्या चरित्रात शेतकरीवर्गाने ध्यानी धरावा असा एक धडा आहे.

इ. स. १८४९ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने ही कंपनी विलायतेत स्थापन झाली. सरकारने तिला जमीन फुकट दिली व भांडवलावर दरसाल शेकडा ५ व्याजाची हमी घेतली. तूट आल्यास ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून निघे. आणि त्या तिजोरीत मोठा भरणा शेतसाऱ्याचाच असे. १८५८ अखेर पुण्याहून भीमाकाठच्या डिकसळपर्यंत रूळ पोहोचले. १८६३ मध्ये बोरघाट खुला होऊन हा प्रांत मुंबईच्या पेठेशी जोडला गेला.

काम चालू असता मजुरीचा व गाडीभाड्याचा रोख पैसा खेड्यांत आला. त्यातच अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१–६५) कापूस महागला. कुणब्याची पत वाढली व सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. पुढे बांधकाम आटोपले, भाव उतरले. कर्ज तेवढे उरले. १८६७ पासून इंदापूर, भीमथडी आदी तालुक्यांत फेरआकारणी होऊन साराही चढला. १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्यास दंगा उसळला व तो शिरूरकडेही पसरला; जागोजाग कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर, १८७९ मध्ये, दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

रेल्वे अनिष्ट होती, असा याचा अर्थ नव्हे. १८७६-७७ च्या दुष्काळात धान्य तिनेच आणले. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघून दौंड जंक्शन बनले. शिरूर कसब्यास मात्र आजही रूळ नाहीत. १९०० मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, १९२५ मध्ये कारभारही हाती घेतला, व ५ नोव्हेंबर १९५१ रोजी तिचे नाव मध्य रेल्वेत विलीन झाले. भागीदारांस अखेरपर्यंत हमी होती. कुणब्यास एका हंगामाचीही नव्हती.

आज रांजणगाव व कुरकुंभ येथे कारखाने उभे आहेत. अशा कामांनी जमिनीची किंमत चढते व कर्ज सुलभ होते. वाचकांनी एवढेच पाहावे की, चार वर्षांच्या तेजीवर वीस वर्षांचे कर्ज उभारले जाऊ नये.